पूर अडवण्यासाठीचं मातीचं धरण: तळाच्या पाइपाशेजारी ओल आणि उतारावर खड्डा. पावसाआधी काय तपासावं?

बांधकाठ:

राज्य शासनाच्या मालकीचं मातीचं धरण आहे. सिंचन नाही, पिण्याचं पाणी नाही. खालच्या वस्तीतला पूर कमी करणं एवढंच त्याचं काम. उंची १४ मीटर, लांबी ४२० मीटर. मध्ये काळ्या मातीचं हार्टिंग (पाणी अडवणारा गाभा), दोन्ही बाजूंनी मुरमाचं केसिंग (बाहेरचं आवरण). तळातून १.२ मीटर व्यासाचा ह्यूम (काँक्रीटचा) पाइप जातो, लांबी साधारण ७० मीटर. पाइपाला दरवाजा नाही, तोंडावर फक्त जाळी. बाजूला ४० मीटर रुंदीचा मोकळा सांडवा, त्याचा माथा तळापासून ११ मीटरवर. तिथपर्यंतचा साठा अंदाजे १६ लाख घनमीटर. वर्षातले साडेअकरा महिने धरण कोरडं असतं.

मागच्या पुरात पाणी ९ मीटरपर्यंत चढलं आणि दोन दिवसांत उतरलं. त्यानंतर दोन गोष्टी दिसल्या. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी डाव्या हाताला दोन मीटर बाय एक मीटर एवढी जमीन मऊ झाली होती, पाय रुतत होता. आणि खालच्या, म्हणजे वस्तीकडच्या, उतारावर, पाइपाच्या बरोबर वर, तोंडापासून १२ मीटर आत एक खड्डा पडला. परातीएवढा, हातभर खोल.

शाखा कार्यालयाचं म्हणणं, "पाणी साठतच नाही तर गळती कसली? खड्डा मुरमाने भरून टाकू." शिवाय गावात मागणी आहे की पाइपाला झडप बसवून तीन मीटर पाणी कायम धरावं.

विचारायचं आहे ते असं. हे गंभीर आहे का? कोरड्या धरणात गळतीची तपासणी कशी करतात? पूर आला तर हाताशी काय असावं? आणि झडपेबद्दल काय मत?

---

व्ही नॉच:

गंभीर आहे, आणि दोनपैकी खड्डा जास्त गंभीर. ओल अनेक कारणांनी येते. पाइपाच्या रेषेवर पडलेल्या खड्ड्याला दोन-तीनच कारणं असतात आणि त्यातलं एकही चांगलं नाही.

आधी "पाणी साठतच नाही" या वाक्याबद्दल. भरलेल्या धरणात पाणी हळूहळू भरावात शिरतं, पाझर स्थिर होतो, वर्षानुवर्षं तोच आकडा येतो. बदल झाला की लगेच कळतो. कोरड्या धरणाला ही सोय नसते. काळी माती वाळते, आकसते, भेगा पडतात, घुशी आणि साळिंदरं बिळं करतात. आणि मग एका रात्रीत ९ मीटर पाणी उभं राहतं. अशा धरणाचा प्रत्येक मोठा पूर म्हणजे नव्याने पहिली भरणी. पहिल्या भरणीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे: पानशेत १२ जुलै १९६१ ला पहिल्याच पावसाळ्यात गेलं, आणि भराव खचला तो विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या) नळावरचा. अमेरिकेतलं टीटन ५ जून १९७६ ला पहिल्या भरणीतच गेलं.

माती पाइपाच्याच कडेने का जाते? रोलर पाइपाला टेकवता येत नाही. गोल पाइपाच्या पोटाखालच्या दोन्ही कुशींत धुमस नीट पोहोचत नाही, तिथे माती पोकळ राहते. पाइप दबत नाही, शेजारचा भराव दबतो. त्यामुळे दाबाचा बराच भार पाइप उचलतो आणि शेजारच्या मातीत दाब कमी राहतो. त्या सैल पट्ट्यात पाण्याला वाट मिळते.

तुमच्या खड्ड्याच्या बाबतीत मला सांध्याचा संशय आहे. ह्यूम पाइपाचा एक नग बहुधा अडीच मीटरचा असतो. १२ मीटर आत म्हणजे चौथ्या-पाचव्या सांध्याच्या वर. सांधा उघडला असेल तर पूर असताना पाइपातलं दाबाखालचं पाणी बाहेर भरावात घुसतं आणि पूर उतरताना तेच पाणी माती घेऊन परत आत येतं. दोनचार पुरांत सांध्याभोवती पोकळी होते, छत वर वर ढासळत जातं, शेवटी उतारावर खड्डा दिसतो. म्हणजे वर दिसतो तो धुराड्याचा शेंडा, चूल खाली आहे. तो मुरमाने भरला तर एकमेव खूण बुजेल आणि मुरूमही त्याच वाटेने जाईल.

आत्ता करायचं ते एवढं:

खड्डा भरू नका. फोटो, मोजमाप, माथ्यापासूनचं अंतर लिहून ठेवा. १२ मिलिमीटरची सळई घालून खोली आणि आजूबाजूचा मऊपणा बघा, दर अर्ध्या मीटरवर. वर पत्रा टाका आणि वरच्या अंगाला छोटी चरी काढून पावसाचं पाणी बाजूला वळवा. खड्ड्यावर माणूस उभा राहू देऊ नका.

पाइप आतून बघा. शक्यतो कॅमेऱ्याची गाडी घाला. माणूस पाठवायचाच असेल तर आधी दोन्ही तोंडं मोकळी करून हवा खेळती करा, वायुमापक लावा, कमरेला दोर आणि बाहेर दोन माणसं. बाहेरच्या तोंडापासून सांध्यांना रंगाने क्रमांक घाला. प्रत्येक सांध्याची फट वर, खाली, डावी, उजवी अशी चार ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजा. लोंबणारी रबरी रिंग, सांध्याखाली मातीची ढिगुळी, ओल्या रेघा, हे सगळं त्या त्या क्रमांकापुढे लिहा. लहान हातोडीने पाइप वाजवत जा. भरीव असेल तिथे खणखणीत आवाज येतो, मागे पोकळी असेल तिथे भद्द.

माथ्यावर आणि उतारावर आडव्या भेगा शोधा. आडव्या म्हणजे पाण्याकडून पायथ्याकडे जाणाऱ्या. माथ्याच्या लांबीबरोबर जाणाऱ्यापेक्षा या वाईट. भेग किती खोल ते बघायला तिच्यात चुन्याचं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बाजूने खणत जा. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपते. चुना न ओतता खणलं तर माती सरकून भेग दिसेनाशी होते आणि सगळे खूश होतात.

---

दगडी पिचिंग:

ओलीतून येणारं पाणी गढूळ होतं की नितळ? किती येतंय यापेक्षा हा प्रश्न मोठा. नितळ पाझर वर्षानुवर्षं चालतो, गढूळ पाझर म्हणजे आतून माती चालली आहे. आणि नकाशात पाइपाला कॉलर (भोवतीची काँक्रीटची कडी) आहेत का? नसतील तर सिमेंट ग्राउटिंग करून (पातळ सिमेंट आत सोडून) बाहेरून दोन-तीन काँक्रीट कॉलर टाकले की काम होईल असं वाटतं.

---

बांधकाठ:

नकाशात चार कॉलर आहेत, प्रत्यक्ष किती घातले माहीत नाही. रंगाचं सांगता येत नाही. पूर असताना पाइपातूनच धो धो गढूळ पाणी येत होतं आणि मऊ जागा त्या पाण्याखालीच होती. पाइप उघडा पडला तेव्हा शेजारचं पाणी करंगळीएवढं होतं, नितळ. चार दिवसांनी बंद झालं.

---

व्ही नॉच:

ही नेहमीची अडचण आहे. बघायची ती जागा बघायच्या वेळीच बुडालेली असते. उपाय सोपा: पाइपाच्या तोंडापासून खाली दहा-बारा मीटर दोन्ही बाजूंना काँक्रीटची किंवा गॅबियनची (जाळीत भरलेल्या दगडांची) भिंत घ्या, म्हणजे पाइपाचं पाणी सरळ नाल्यात जाईल. पायथ्याचा पाझर वेगळ्या चरीत गोळा करा आणि चरीच्या तोंडाशी ९० अंशांची व्ही नॉच (इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली) पट्टी बसवा. पट्टी पोलादी, धार पातळ, खाचेखाली पाणी मोकळं पडायला हवं. पाण्याची उंची खाचेतच मोजू नका, तिथे पृष्ठभाग वाकलेला असतो. खाचेवरच्या उंचीच्या किमान चौपट अंतर मागे मोजपट्टी लावा.

प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात = १.३८ गुणिले उंचीचा (मीटरमध्ये) अडीचवा घात. ५ सेंटीमीटरला सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, ८ सेंटीमीटरला अडीच लिटर, १० सेंटीमीटरला ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींनी वाढतं, म्हणून "दोनच बोटं वाढलं" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. दर वेळी काचेच्या बाटलीत नमुना घ्या, तारीख आणि धरणातली पातळी चिकटवा, तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला की तो गढूळ नमुना, मग येताना पाणी कसंही दिसो.

---

गाळणी:

दगडी पिचिंग, कॉलरबद्दल असहमत. जुन्या नकाशांत कॉलर सर्रास असतात कारण कल्पना अशी होती की पाण्याची वाट लांबवली की जोर कमी होतो. प्रत्यक्षात कॉलरमुळे त्या जागी रोलर अजिबात जात नाही, प्रत्येक कॉलरच्या दोन्ही अंगांना न दबलेली माती राहते, आणि पाणी कॉलरला वळसा घालून भेगेतून जातं. कॉलर असूनही पाइपाच्या कडेने धरणं गेली म्हणूनच ती पद्धत मागे पडली. ग्राउटिंगचंही तसंच. दाबाने ग्राउट सोडलं तर मातीच फाटते, नवी भेग तयार होते. बाहेरून पोकळी भरायला बिनदाबाचं, पातळ ग्राउट ठीक, पण तो मुख्य उपाय नव्हे.

मुख्य उपाय म्हणजे पाइपाभोवती वाळूची गाळणी. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. जागा हार्टिंगच्या खालच्या बाजूला, धरणाच्या खालच्या एकतृतीयांश भागात, वर पुरेसा भराव राहील अशी. जाडी ०.९ मीटर. पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या तिप्पट दोन्ही बाजूंना आणि वर. तुमच्या पाइपाचा बाहेरचा व्यास १.४ मीटर धरला तर प्रत्येक बाजूला सव्वाचार मीटर. खाली पाया लागेपर्यंत, विशेषतः त्या दोन कुशी वाळूने पूर्ण भरलेल्या हव्यात. गाळणीतून पायथ्यापर्यंत खडीचा निचरा आणि त्याच्या तोंडाला वर सांगितलेली व्ही नॉच.

वाळू कोणती? धरणाच्या मातीची चाळणी केल्याशिवाय ठरवू नका. डी-१५ म्हणजे ज्या आकारापेक्षा १५ टक्के कण बारीक असतात तो आकार; डी-८५ तसाच, ८५ टक्क्यांचा. टेरझागीचा मूळ नियम असा: वाळूचा डी-१५ हा मातीच्या डी-८५ च्या चौपटीहून जास्त नको, म्हणजे माती अडते, आणि मातीच्या डी-१५ च्या चौपट-पाचपट तरी हवा, म्हणजे पाणी जातं. चिकण आणि गाळवट मातीसाठी, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ४० ते ८५ टक्के माती जात असेल तर, वाळूचा डी-१५ ०.७ मिलिमीटरपर्यंत चालतो. वाळूत बारीक माती ५ टक्क्यांच्या वर नको. चांगली धुतलेली काँक्रीटची वाळू बहुतेक वेळा या सगळ्यात बसते, पण "बहुतेक वेळा" वर धरण बांधत नाहीत.

दोन चाचण्या जागेवरच होतात, प्रयोगशाळेची वाट बघायला नको.

पहिली, वाळूची. ओलसर वाळू डब्यात ठोकून भरा, डबा उपडा करून मुटका काढा, परातीत ठेवा आणि परातीत हळूहळू पाणी सोडा. पाणी चढेल तसा मुटका ढासळला पाहिजे. उभा राहिला तर वाळूत माती आहे. अशी वाळू धरणात भेग धरून ठेवते, ढासळून बुजवत नाही. गाळणी म्हणून बाद.

दुसरी, हार्टिंगच्या मातीची. नैसर्गिक ओलाव्याचा ६ ते १० मिलिमीटरचा खडा घ्या, डिस्टिल्ड पाण्याच्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांनी बघा, मग तासाने. खडा नुसता सुटून तळाशी ढीग झाला तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखं धुकं पसरून तळ झाकला गेला तर माती विरघळणाऱ्या जातीची, सोडियमवाली. अशा मातीला साध्या भेगेतून चाललेलं संथ पाणीही पुरतं, आणि तिची गाळणी आणखी बारीक लागते. नळाच्या पाण्यात ही चाचणी करू नका; त्यातल्या क्षारांमुळे वाईट मातीही शहाण्यासारखी वागते.

आता खणायचं कसं. पाइपापर्यंत उघडं करताना कडा उभ्या ठेवू नका. २ आडवं १ उभं हा किमान उतार, जमलं तर ३ ला १. उभ्या कडेला जुना आणि नवा भराव वेगवेगळा दबतो आणि नेमकी तिथेच आडवी भेग पडते. भरताना १० ते १५ सेंटीमीटरचे थर, पाइपाच्या दोन्ही बाजूंना बरोबरीने, हातधुमसाने. माती योग्य ओलाव्यापेक्षा एक-दोन टक्के ओली ठेवा म्हणजे ती पाइपाला चिकटून बसते. पाइप बदलणारच असाल तर गोल उघडा ठेवू नका, काँक्रीटच्या आवरणात घ्या आणि आवरणाच्या बाजूंना १० उभं १ आडवं असा तिरपा उतार द्या. मग रोलर मातीला आवरणावर दाबतो. हे सगळं पाऊस संपल्यावर. पावसाच्या तोंडावर धरण उघडणं म्हणजे घराचं दार काढून ठेवून चोराची वाट बघणं.

---

पूररेषा:

झडपेबद्दल लिहितो, कारण त्या मागणीला "साठा कमी होईल" असं उत्तर दिलं जातं आणि ते उत्तर कच्चं आहे.

दरी वर रुंद होत जाते, त्यामुळे खालच्या तीन मीटरांत पाणी फार कमी मावतं. ११ मीटरला १६ लाख घनमीटर असेल तर ३ मीटरला साठ-पासष्ट हजार, म्हणजे चार टक्के. गावकरी हा हिशेब मांडतील आणि बरोबर असतील. खरी अडचण दुसरीकडे आहे.

दरवाजा नसणं हा या धरणाचा गुण आहे. पाइपातून किती पाणी जाईल हे भौतिकशास्त्र ठरवतं. २ मीटर दाबाला सेकंदाला साधारण सव्वाचार घनमीटर, ८ मीटरला साडेआठ. पाणी चौपट उंच झालं तरी विसर्ग दुप्पटच, म्हणून खालचा नाला सुरक्षित राहतो. रात्री दोनला कोणी उठून चाक फिरवावं लागत नाही. झडप आली की चाकाची किल्ली, वंगण, अडकलेला ओंडका, वीज आणि माणूस हे पाच नवे धोके आले. ओहायोतल्या मियामी खोऱ्यात १९१३ च्या महापुरानंतर १९२२ पर्यंत पाच मातीची धरणं बांधली, सगळी बिनदरवाज्याची आणि एरवी कोरडी. शंभर वर्षं ती अशीच चालू आहेत.

दुसरं, झडप पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला बसवली (तेच स्वस्त पडतं) तर अख्खा पाइप कायम दाबाखाली जातो. तुमच्या सांध्यांची शंका बघता हे सर्वांत वाईट. पाणी धरायचंच असेल तर पाण्याकडच्या बाजूला तीन मीटर उंचीची उभी विहीर, वरून पाणी आत पडेल अशी, तळाला छोटी रिकामी करायची झडप. पण मग धरण कायम ओलं राहणार, उताराची स्थिरता आणि निचरा नव्याने तपासावा लागणार. आत्ता तरी नाही.

जाळीकडे लक्ष द्या. तोंडाच्या क्षेत्राइतकीच जाळी असेल तर एका पुरात पाचट, प्लास्टिक आणि झुडपांनी बंद होते. पाइपाच्या क्षेत्राच्या निदान तिप्पट-चौपट जाळी, तिरकी, गजांमधलं अंतर १५ सेंटीमीटरच्या आसपास. बारीक जाळी लावण्याचा मोह होतो, तो टाळा. आणि पूर चालू असताना जाळी साफ करायला माणूस कधीही उतरवू नका. ती ओढ दिसत नाही, पण ती माणसाला धरून ठेवते.

रिकामं व्हायला किती वेळ लागतो तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. १६ लाख घनमीटर, सरासरी ७-८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे ढोबळ अडीच दिवस, तेही वरून काही येत नसेल तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुसळधार आली तर अर्ध्या भरलेल्या धरणावर येते. सांडवा त्यासाठीच आहे.

सांडव्याचं गणित मात्र निर्दय आहे. ४० मीटर लांबी, १.५ मीटर पाणी, गुणांक १.७: सुमारे १२५ घनमीटर प्रति सेकंद. कोणी पोती रचून किंवा फरशी टाकून माथा ६० सेंटीमीटरने वाढवला तर त्याच पातळीला ५८. निम्म्याहून कमी! बाभळी वाढल्या, कुंपण घातलं, वाटेसाठी भर टाकला, परिणाम तोच. उरलेलं पाणी मातीवरून जातं आणि मातीचं धरण ते सहन करत नाही. गुजरातमधल्या मच्छू-२ धरणाचं ११ ऑगस्ट १९७९ ला तेच झालं: सांडव्याच्या क्षमतेपलीकडचा पूर, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून गेलं.

म्हणून माथ्याची लेव्हल दर २० मीटरवर घ्या. घळभरणीचा भाग, म्हणजे मूळ नाल्याच्या पात्रावरचा भराव, सर्वांत उंच आणि म्हणून सर्वांत जास्त दबलेला. तिथे माथा ३०-४० सेंटीमीटर खाली गेलेला असतो आणि नकाशात अजून १४ मीटरच लिहिलेलं असतं. पाणी पहिल्यांदा तिथूनच ओलांडणार, आणि तुमचा पाइपही बहुधा तिथेच आहे.

---

दगडी पिचिंग:

कॉलरचं पटलं. मी पुरातल्या तयारीचं लिहितो.

पायथ्याजवळ, पण पाण्यात न जाणाऱ्या उंच जागी ढीग तयार ठेवा: धुतलेली जाड वाळू २० घनमीटर, ६ ते १० मिलिमीटरची कच १० घनमीटर, २० ते ४० ची खडी १० घनमीटर, थोडी डबर. मातीची ५०० पोती भरलेली. बिनविणीचं जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) एक-दोन गुंडाळ्या. दोन जनरेटर दिवे, फावडी, दोर, लाल-पांढऱ्या काठ्या. तिथपर्यंत ट्रॅक्टर पावसात जाईल असा रस्ता. बहुतेक ठिकाणी साहित्य असतं, रस्ता नसतो.

पायथ्याशी पाणी उकळीसारखं वर येताना दिसलं आणि भोवती मातीचं वर्तुळ साठत असेल तर त्या उकळीवर माती, प्लास्टिक, काँक्रीट काहीही टाकून ती बंद करू नका. बंद केलेली उकळी दोन मीटरवर दुसरीकडे फुटते. भोवती पोत्यांचं कडं रचा, आत पाणी चढू द्या. आतली पातळी वाढली की जोर कमी होतो. कडं पाणी नितळ होईपर्यंतच वाढवायचं, वाहणं थांबेपर्यंत नव्हे. एका बाजूने पाणी बाहेर जायला वाट ठेवा.

पसरट ओल किंवा पाइपाशेजारची धार असेल तर उलटी गाळणी. आधी वाळू ३० सेंटीमीटर, वर कच १५, वर खडी ३०, वर डबर वजनासाठी. क्रम चुकवला, घाईत आधी डबर टाकली, तर मोठ्या फटींतून माती आणखी मोकळी जाते. जोर इतका असेल की वाळूच टिकत नाही, तर आधी थोडी खडी टाकून जोर मोडा, मग वाळूपासून पुन्हा क्रमाने.

पाण्याकडच्या बाजूला भोवरा दिसला तर पाण्याची वाट तिथून आत गेलेली असते. गवताच्या पेंढ्या, पोती, जे असेल ते त्या तोंडात टाका. वरच्या बाजूने बुजवायचं, खालच्या बाजूने गाळायचं. एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे.

गस्त: पाणी ३ मीटरच्या वर गेलं की दर चार तासांनी, ६ च्या वर दर दोन तासांनी, ९ च्या वर सतत. दोघे मिळून, एक माथ्यावर एक पायथ्याला, आणि पाणी उतरून गेल्यावरही दोन दिवस. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा पाण्याकडचा ओला उतार सरकतो. बिनदरवाज्याच्या धरणात उतरण्याचा वेग आपल्या हातात नसतो, म्हणून तो उतार मुळात त्या हिशेबाने सपाट असावा लागतो. माथ्याच्या कडेला पाण्याकडे झुकलेली कमानीसारखी भेग दिसली तर तेच समजा.

आणि थांबायचं कधी, हेही आधी ठरवा. टीटनला सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं आणि बारा वाजायच्या आत माथा कोसळला. तुमचं धरण त्या मानाने चिमुकलं, वेळ त्याहून कमी मिळेल. पायथ्याचं पाणी गढूळ होऊन तासाभरात दुप्पट झालं, किंवा माथ्यावर खड्डा पडला, तर पोती सोडा, वस्ती हलवा.

(बिळं बुजवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तिवरे धरण फुटल्यावर २०१९ मध्ये खेकड्यांवर ठपका आला तेव्हापासून बिळांचं नाव काढलं की लोक हसतात. पण बिळं खरंच बुजवायची असतात: खणून शेवटापर्यंत, थराथराने ठोकून. तोंडाला दगड मारून नव्हे.)

---

गाळणी:

कार्यालय हलत नसेल तर कायद्याचा आधार घ्या. धरण सुरक्षा कायदा २०२१ मधल्या व्याख्येत १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती काही अटींपैकी एक जरी लागू असेल तर. तुमची लांबी ५०० मीटरला पोहोचत नाही, पण साठा १० लाख घनमीटरच्या वर आहे, एवढं पुरतं. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, शिवाय पुराच्या वेळी आणि नंतरही, ही मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही. इथे मालकही राज्य आणि तपासणाऱ्या यंत्रणेचा वरिष्ठही राज्य, त्यामुळे तोंडी काही सांगू नका. अर्जात "गळती" असा मोघम शब्द लिहू नका. "खालच्या उतारावर, पाइपाच्या आसरेषेवर, बाहेरच्या तोंडापासून १२ मीटरवर अमुक सेंटीमीटर खोल खड्डा, अमुक तारखेला पातळी ९ मीटर" असं लिहा, फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि प्रत राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेला द्या. मोजमाप असलेला कागद फाइलीत दाबणं अवघड जातं.

---

बांधकाठ:

खूप उपयोग झाला. कॅमेरा तपासणीची मागणी लेखी देतो. एक शंका: कार्यालयातून तोंडी असं कळलं की सांधे खराब निघाले तर जुन्या पाइपात एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाइप सरकवून मधली जागा ग्राउटने भरतील. खणावं लागणार नाही म्हणून सोपं. हे चालेल?

---

पूररेषा:

सांध्यांसाठी चालेल, पाइपाच्या बाहेरच्या पोकळीसाठी नाही. बाहेरची गाळणी तरीही लागेल.

आणि पुराचं गणित बदलतं ते कोणी बघत नाही. १.२ मीटरच्या आत १ मीटर बाहेरच्या व्यासाचा पाइप गेला की आतला व्यास ०.९२ च्या आसपास राहतो, क्षेत्र ५९ टक्के. एचडीपीई गुळगुळीत असल्याने थोडं भरून निघतं, पण ८ मीटर दाबाला साडेआठऐवजी ५.३ घनमीटरच जातं. अडीच दिवसांचे चार दिवस होतात. धरण जास्त वेळ भरलेलं राहणार, सांडवा जास्त वेळा चालणार. म्हणून सरकवण्याच्या अंदाजपत्रकासोबत पूरमार्गणाचा नवा तक्ता मागा: नव्या विसर्गाला पाणी कुठवर चढतं आणि माथ्याच्या आजच्या, प्रत्यक्ष मोजलेल्या लेव्हलला किती अंतर उरतं. ते दीड मीटरच्या खाली येत असेल तर आधी माथा आणि सांडवा, मग पाइप.

ग्राउट भरताना नवा पाइप पाण्याने भरून ठेवा, नाहीतर तो तरंगून वर चिकटतो आणि खालची बाजू भरते, वरची रिकामी राहते.